थोरल्यांच्या लुंग्या धुणारी टिन न्यो

टिन न्यो मावशीला जाऊन अकरा वर्षं झाली. तिच्यावर कुणी चार ओळी लिहिल्या नाहीत. लिहिणार कोण? ज्यांना लिहिता येतं ते थोरल्यांवर लिहितात. परवा बाजारात एक जाडजूड पुस्तक दिसलं. थोरल्यांची शिस्त, थोरल्यांचा साधेपणा, थोरल्यांचं पहाटेचं फिरणं. लिहिणारा म्हणे त्यांच्या रोजच्या बैठकीतला. दुकानात उभ्यानेच मी ते चाळलं आणि डोकं तापलं म्हणून परत ठेवलं. अख्ख्या पुस्तकात थोरल्यांच्या लुंग्या कोण धुवायचं ते कुठेच नाही. मावशी धुवायची. एकोणीस वर्षं धुवायची.

तिच्या हाताखाली मी शेवटचं दीड वर्ष काढलं. माझं नाव यिन न्वे. गाव नदीच्या मुखाशी. नवरा बोटीवर जातो म्हणून गेला आणि पलीकडच्या गावात दुसरा संसार थाटून बसला, तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. ओळखीच्या एका हवालदाराने मला रंगूनला तळ्याकाठच्या बंगल्यात चिकटवलं. तो थोरल्यांचा बंगला. थोरले म्हणजे देशाचे सर्वेसर्वा. त्यांचं नाव तेव्हा कुणी घेत नसे आणि आताही मी घेणार नाही. तेव्हा भीती वाटायची म्हणून, आता किळस येते म्हणून.

बंगला दोन मजली, पण वरच्या मजल्याला कायमचं कुलूप. वरून एखादी बाई चालत गेली आणि तिचे पाय थोरल्यांच्या डोक्यावरून गेले तर त्यांचं तेज उतरेल, ही भीती. पुरुषाच्या तेजाला बाईच्या नेसूच्या कपड्याचा विटाळ होतो असं आमच्याकडे बहुतेक सगळे मानतात. थमेन, म्हणजे आम्हा बायकांचं कमरेचं नेसूचं, ज्या दोरीवर वाळत असेल तिच्याखालून माझा बापही जात नसे. पण तो बिचारा चार पावलं वळसा घालून जायचा, विषय संपला. थोरल्यांनी त्यासाठी दहा खोल्या बंद करून ठेवल्या आणि आम्ही अकरा बायका परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये झोपायचो.

त्यांना शिंक खपत नसे. शिंकणारा समोरच्याचं आयुष्य खातो असं त्यांना कुणीतरी लहानपणी सांगितलं होतं. एका मंत्र्याने बैठकीत शिंक इतकी दाबली की नाकातून रक्त आलं, आणि ते रक्त त्याने चहाबरोबर गिळलं. त्यांचं मनगटी घड्याळ सात मिनिटं मागे होतं. बैठकीतल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. सांगितलं कुणी नाही. उलट सगळ्यांनी आपापली घड्याळं सात मिनिटं मागे घेतली. एकदा थोरले म्हणाले की रेडिओ वेळेच्या आधीच बातम्या सुरू करतो, तर दुसऱ्या दिवसापासून बातम्या सात मिनिटं उशिरा लागायला लागल्या. राजा बोले दल हाले. आख्खा देश घड्याळात मागे पडला आणि आम्हाला शाळेत शिकवायचे की देश पुढे चाललाय.

थोरल्यांच्या अगदी जवळची माणसं तीन. पहिल्या बाईसाहेब, त्यांच्या पत्नी. आवाज मधासारखा, आणि मनात धरलेलं कधी सोडायच्या नाहीत. दुसरे ज्योतिषी, सया म्हणजे गुरुजी, फो लाइंग. थोरल्यांनी कुठल्या वारी कुठल्या रंगाची लुंगी नेसायची, कुठल्या दिशेला तोंड करून जेवायचं, हे ते ठरवायचे आणि दर नववर्षाला सांगायचे की थोरल्यांचं तेज यंदा आणखी वाढलंय. तिसरा मेजर तुन शिन, थोरल्यांचा खासगी अधिकारी. तिघांचं एकमेकांशी पटत नसे. पण थोरल्यांच्या कानावर काय घालायचं आणि काय नाही, याबाबतीत तिघांचा एक जीव होता.

धुण्याच्या जागेवर बांबूच्या तट्ट्याआड दोन टाक्या होत्या. पूर्वेची थोरल्यांच्या कपड्यांची, पश्चिमेची बायकांच्या कपड्यांची. दोन साबण, दोन बादल्या, दोन दोऱ्या. थोरल्यांच्या लुंग्या उंच दोरीवर उन्हात, बायकांची थमेनं मुदपाकखान्यामागे कमरेएवढ्या दोरीवर. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मेजर यायचा, तट्ट्याबाहेर उभा राहून "सगळं वेगळं आहे ना?" असं विचारायचा आणि वहीत सही करून निघून जायचा. बायकांच्या टाकीपाशी जाण्याची त्यालाही भीती, स्वतःच्या तेजाची.

पूर्वेच्या टाकीत पाणीच नव्हतं.

मावशी कामाला लागली त्याच्या दुसऱ्याच महिन्यात त्या टाकीचा नळ जमिनीत कुठेतरी फुटला. तिने पाण्याच्या हवालदाराला सांगितलं. तो म्हणाला, "छपराची गळती ज्याने कळवली तो आता डोंगरात खच्चरं राखतोय. तू धू गं कुठेही, पण मला सांगू नकोस." तेव्हापासून एकाच टाकीत, एकाच पाण्यात थोरल्यांच्या लुंग्या आणि बाईसाहेबांपासून माझ्यापर्यंत सगळ्यांची थमेनं धुतली जायची. वाळत फक्त वेगळी जायची. मी आले त्या दिवशी मावशीने मला हे एका वाक्यात सांगितलं आणि म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची. कळलं?" मी घाबरून विचारलं, "थोरल्यांना काही झालं तर?" ती म्हणाली, "सतरा वर्षं धुतेय. माजोरीपणा तसूभर उतरला नाही. निघतो तो फक्त मळ."

मावशी अशी होती. ठेंगणी, पायाने थोडी फेंगडी, केसांचा घट्ट बुचडा. तिला कामात आळशीपणा चालत नसे आणि माझ्यावर ती सकाळपासून ओरडायची. "पिळतेस का कुरवाळतेस?" असं म्हणून हातातलं कापड ओढून घ्यायची. लुंगीची घडी मात्र अशी घालायची की काठाला काठ लागून वर इस्त्री फिरवायला नको. थोरल्यांना तिच्याच हातची घडी लागायची. त्याच एका घडीवर तिची नोकरी टिकली होती, नाहीतर केव्हाच गेली असती, कारण तिचा मुलगा तुरुंगात होता.

सेन थाउंग तिचा एकुलता एक. कॉलेजात असताना त्याने तांदळाच्या टंचाईवर एक पत्रक छापलं. त्यात थोरल्यांचं नावसुद्धा नव्हतं. त्याला बारा वर्षं दिली. ज्या माणसाने पोराला आत टाकलं त्याचीच लुंगी मावशी रोज दगडावर आपटत होती, आणि बाईसाहेबांना त्यात काही वावगं वाटत नसे. त्या हसून म्हणायच्या, "मुलगा आत असला की आई बाहेर सरळ वागते." हे वाक्य मी स्वतः ऐकलंय. अजून आठवलं की दात आवळले जातात.

त्याच्या शिक्षेची पाच वर्षं झाली होती. त्या साली माफीची यादी निघणार होती आणि बाईसाहेबांनी मावशीला शब्द दिला की सेन थाउंगचं नाव त्यात घालते. त्या दिवसापासून मावशी बदलली. ओरडायची कमी झाली. मुलासाठी तिने एक शर्ट शिवून घेतला, मग म्हणाली की तो आता वाळला असेल, आणि उसवून पुन्हा आत घेतला. जेवताना मध्येच म्हणायची, "त्याला सुकटीची चटणी आवडते. तिथे काय देत असतील देव जाणे."

यादी निघायला चार दिवस होते तेव्हा थोरल्यांचं तोंड वाकडं झालं. सकाळी चहा घेताना डाव्या ओठातून चहा गळला आणि डावा डोळा मिटेना. डॉक्टर म्हणाले, थंड हवेच्या यंत्रासमोर झोपल्यामुळे शीर सुजली आहे, सहा आठवड्यांत बरं होईल. इतकं साधं कारण कुणाला नको होतं. सया फो लाइंगना तर नकोच होतं, कारण पंधरा दिवसांपूर्वीच त्यांनी हा महिना अतिशय शुभ असल्याचं लिहून दिलं होतं. त्यांनी पाटी मांडली, आकडे लिहिले, पुसले, आणि सांगितलं की बाईच्या नेसूचा विटाळ झालाय आणि तो मुद्दाम केलेला आहे.

माझी चूक झाली होती, ती सांगते. त्याच्या आदल्या दुपारी एकाएकी वारा सुटला आणि धूळ उठली. मी धावत जाऊन उंच दोरीवरच्या लुंग्या ओढल्या, जाताजाता खालच्या दोरीवरचं माझं थमेनही ओढलं, आणि सगळं एकाच खांद्यावर टाकून शेडकडे पळाले. मेजरने ते खिडकीतून पाहिलं. तेव्हा तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याला आठवलं. माणसाला लागेल तेव्हाच आठवतं, त्याला बैठकीत बसायची अक्कल म्हणतात. दोन शिपायांनी मला दंडाला धरून मागच्या व्हरांड्यात आणून गुडघ्यांवर बसवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण ठाऊक होती, पण संन्याशाची मान म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं.

बाईसाहेब वेताच्या खुर्चीत होत्या. सया चटईवर. मेजरच्या हातात टाइप केलेला कागद. त्यांनी मावशीला बोलावलं. ती कोपरापर्यंत ओल्या हातांनी आली.

"ये, टिन न्यो, बस," बाईसाहेब म्हणाल्या. "हात पूस आधी."

"राहू दे बाईसाहेब. धुणं अर्धं राहिलंय."

"ही मुलगी तुझ्या हाताखालची ना?"

"माझ्याच हाताखालची."

"हिने काय केलं ते तू पाहिलंयस. या कागदावर सही कर, मग जा धुवायला. यादी परवा छापायला जातेय. सतरावं नाव सेन थाउंगचं आहे. मी स्वतः पाहिलं."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं. तिच्या जागी मी असते तर सही केली असती, खोटं कशाला सांगू. मी तिची कोण होते? दीड वर्ष तिची बोलणी खाणारी एक परगावची बाई.

"मेजरसाहेब, वाचून दाखवा," ती म्हणाली. "चष्मा घरी राहिलाय."

मेजरने वाचलं. "मी, धोबीण टिन न्यो, शपथेवर सांगते की यिन न्वे हिने देशाच्या शत्रूंच्या सांगण्यावरून, थोरल्यांच्या जिवाला अपाय व्हावा या हेतूने, आपलं थमेन थोरल्यांच्या लुंग्यांना लावलं. असं तिने तीन वेळा केल्याचं मी डोळ्यांनी पाहिलं."

"शिक्षा किती होईल हिला?" मावशीने विचारलं.

"ते तुला काय करायचंय?"

"माझ्या सहीने होणार ना, म्हणून विचारते."

"वीस वर्षं," मेजर म्हणाला. "किंवा फाशी. थोरल्यांच्या मनावर आहे."

मावशीच्या कोपरांवरून पाणी ठिबकून फरशीवर थारोळं झालं होतं आणि सया आपली चटई मागे सरकवत होते.

"कागदात चूक आहे," ती म्हणाली.

"कसली चूक?"

"तीन वेळा नाही. रोज. आणि हिने नाही, मी. पूर्वेच्या टाकीला एकोणीस वर्षांत थेंबभर पाणी आलेलं नाही. थोरल्यांची लुंगी आणि तुमचं थमेन, बाईसाहेब, एकाच पाण्यात धुते मी. माझंसुद्धा."

बाईसाहेब उभ्या राहिल्या. मेजरचा चेहरा पांढराफटक पडला. "खोटं बोलतेय ही," तो म्हणाला.

"टाकी उघडून बघा. पालींची अंडी आहेत आत. तुम्ही दर महिन्याला बघितलंत असं वहीत लिहिलंय, तुमच्या सहीने." मग ती सयांकडे वळली. आवाज चढला नव्हता, पण मी तिला इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "आणि सया, तुम्ही दर नववर्षाला सांगता तेज वाढलं, तेज वाढलं. ते माझ्या थमेनच्या पाण्यात वाढलं का मग? विटाळ खरा असेल तर तुमची एकोणीस वर्षांची भाकितं खोटी. भाकितं खरी असतील तर विटाळ खोटा. थोरल्यांना काय सांगायचं ते तुम्ही तिघं ठरवा. नाहीतर मला आत न्या, मीच सांगते. त्यांच्या घड्याळाचंही सांगते."

आत थोरले जेवत होते, चमच्याचा आवाज येत होता. तिघे एकमेकांकडे बघत होते आणि तिघांनाही एकच हिशेब दिसत होता. चौकशी झाली की वही निघणार, वही निघाली की मेजर जाणार, मेजर गेला की तो सयांना घेऊन जाणार. बाईसाहेबांचं स्वतःचं थमेन त्या पाण्यात होतं. आम्हाला गोळी घालायची तरी कारण लिहावं लागलं असतं आणि ते कारण थोरल्यांनी वाचलं असतं.

शेवटी सया खाकरले. "दक्षिणेकडचं वारं असावं," ते म्हणाले. "मी पुन्हा मांडून पाहतो."

मेजरने कागद फाडला. बाईसाहेब खुर्चीत बसल्या आणि पूर्वीच्याच मधाळ आवाजात म्हणाल्या, "टिन न्यो, यादी माझ्याच टेबलावर आहे बरं."

"माहीत आहे," मावशी म्हणाली.

त्याच दुपारी आम्हा दोघींना मागच्या फाटकातून हाकललं. यादी छापून आली तेव्हा सोळा नावांनंतर एकदम अठरावं होतं, आकडासुद्धा बदलायची कुणी तसदी घेतली नव्हती. सयांनी बंगल्याच्या पूर्वेची भिंत फोडून नवं दार करवलं. सहा आठवड्यांनी, डॉक्टर म्हणाले होते तसं, थोरल्यांचं तोंड सरळ झालं. श्रेय दाराला मिळालं आणि सयांना मोटार मिळाली. डॉक्टरांची बदली झाली. यावर मी हसावं असं लोकांना वाटतं, मी ही गोष्ट सांगते तेव्हा लोक इथे हसतात. मला हसू येत नाही. एक माणूस घाबरट होता, त्याच्या भोवतीची माणसं त्याच्याहून घाबरट होती, आणि त्यांच्या भित्रेपणाची किंमत धुणं धुणाऱ्या बाईने भरली, यात हसण्यासारखं काय आहे?

मी मावशीच्या झोपडीत राहायला गेले. दोघी मिळून आळीतलं धुणं धुवायचो. महिन्यातून एकदा ती तुरुंगात जायची, सुकटीची चटणी घेऊन. मी फाटकाबाहेर उभी राहायचे. तुरुंगाच्या अधिकाऱ्याने सेन थाउंगला सांगितलं होतं की तुझं नाव तुझ्या आईच्या तोंडामुळे कापलं गेलं. पहिल्या भेटीत त्याने तिला विचारलं, "तुला चार दिवस तोंड आवरता आलं नाही?" ती म्हणाली, "नाही आवरलं." त्यानंतर वर्षभर त्याने तिची भेट घेतली नाही. चटणी घ्यायचा, भेट नाकारायचा.

मी म्हटलं, "मी सांगते त्याला. चिठ्ठी पाठवते."

"खबरदार," मावशी म्हणाली. "त्याला तुझं नाव कळता कामा नये. आत बसून माणसाला कुणावर तरी राग धरावा लागतो. माझ्यावर धरू दे, मी आई आहे, मला चालतं. तुझ्यावर धरला तर माझा पोरगा वाया जाईल."

सहाव्या वर्षी मावशी गेली. थंडीत, छातीत कफ होऊन. मुलाला मौतीला सोडलं नाही. त्याच साली थोरलेही गेले, स्वतःच्या पलंगावर, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, मऊ उशीवर डोकं ठेवून. तीन दिवस रेडिओवर रडगाणी. मी तीन दिवस आळीतल्या लोकांच्या चादरी दगडावर आपटत होते, आणि शेजारीण म्हणाली, "अगं फाटतील."

पुढच्या वर्षी सेन थाउंग शिक्षा पुरी करून सुटला. पुढचे चार दात गेलेले, केस विरळ, पस्तिशीत पन्नाशीचा. आईच्या झोपडीत एक अनोळखी बाई पाहून दारातच थांबला. मी त्याला आत घेतलं, पाट दिला, भात वाढला, आणि तो जेवत असताना सगळं सांगितलं. वारा, खांदा, व्हरांडा, सतरावं नाव. काही लपवलं नाही, स्वतःला सावरून घेतलं नाही. म्हटलं, आता हा मला शिव्या देईल, ताट भिरकावील, आणि ते योग्यच होईल.

तो खाली बघून ऐकत होता. माझं संपल्यावर बराच वेळ भातात बोटं फिरवत बसला.

"मी पत्रक छापलं तेव्हा त्यात लिहिलं होतं," तो म्हणाला, "की दुसऱ्याच्या जिवावर कुणी सुटू नये. माझंच वाक्य."

मी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकवला.

"त्या दिवशी आईने मला विचारलं असतं ना, तर मी म्हणालो असतो, सही कर. पाच वर्षांत मी तसा झालो होतो. कोण यिन न्वे, मरू दे, मला बाहेर काढ, असंच म्हणालो असतो."

"तिला ते ठाऊक होतं का?" मी विचारलं.

"होतं," तो म्हणाला. "म्हणून तर माझ्या शिव्या खाल्ल्या आणि सांगितलं नाही. मला स्वतःचं हे कळू नये म्हणून."

मग त्याने ताट पुढे केलं आणि मी त्याला आणखी भात वाढला.